एकाच पत्त्यावरची दोन घरं

माझं काम नेमकं काय, हे आईला समजावून सांगायचा प्रयत्न मी आजवर तीनदा केला आहे. पहिल्यांदा म्हटलं, "आई, मी वेबसाइट बनवते." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्यांदा म्हटलं, "लोक मोबाइलवर फॉर्म भरतात ना, त्याच्यामागचं सगळं मी तयार करते." ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यायचे फारम तूच भरते का?" तिसऱ्यांदा तिला ऑफिसातच आणून बसवलं. दोन तास बसली. जाताना फोनवर शेजारणीला सांगत होती, "काही नाही वं, पंख्याखाली बसून राहते दिवसभर. सावलीतलं काम आहे."

सावलीतलं आहे, हे खरं. उमरेड तालुक्यातल्या आमच्या घरात सगळ्यांचं काम उन्हातलं. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बी.एस्सी. कॉम्प्युटर. ती पदवी नागपुरातल्या, बेसा भागातल्या माझ्या घरात बैठकीतच लावली आहे. नवरा म्हणतो, आतल्या खोलीत लाव, आता कोणी अशी लावत नाही. मी म्हणते, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांनी लावू नये, मी लावणार. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या पदवीचा फार हात आहे.

सतरा वर्षांत गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची पाहिली. एका मंगल कार्यालयाच्या मालकाला साइट उघडल्याबरोबर सनई-चौघडा वाजायला हवा होता, आणि तो बंद करायचं बटण मात्र नको होतं. एका संत्र्याच्या रोपवाटिकेवाल्याला भाव असे दाखवायचे होते की गिऱ्हाइकाला दिसतील पण शेजारच्या रोपवाटिकेवाल्याला दिसणार नाहीत. हे सगळं निभावून नेलं. पण मी स्वतः पूर्ण गोंधळून गेले, आपण शिकलो ते खरं की खोटं असं वाटायला लागलं, असं एकदाच झालं. ते देवरावजी काकांच्या एकतीस फॉर्मांच्या वेळी.

आधी थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. कॉलेजात असताना मी नागपूरच्या वेशीवर वाडी भागात भावाच्या खोलीवर राहायची. भाऊ ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनात कामाला होता. तिथे समोर एक खिडकी, आणि खिडकीत बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडणारा बाबू. गिऱ्हाईक येतं, नग ठेवतं. बाबू कागद पाहून ओरडतो, हा रायपूरचा, तीन नंबरला टाका. हा अकोल्याचा, आठ नंबरला. गिऱ्हाइकाने गोडाऊन कधी पाहिलेलंच नसतं. त्याला खिडकी माहीत. माल परत घ्यायचा तरी तीच खिडकी.

वेबसाइटचंही तसंच. बाहेरून एक दिसते, पण मागे तिचे दोन-तीन भाग वेगवेगळ्या दारांवर चालतात. पान दाखवणारा एका दारावर, माहिती साठवणारा दुसऱ्या, फोटो ठेवणारा तिसऱ्या. आणि ब्राउझर भारी संशयी. एका दारातून आलेलं पान दुसऱ्या दाराशी बोलायला लागलं की तो मध्येच अडवतो. म्हणून समोर एक बाबू बसवायचा, जो सगळ्यांचं ऐकेल आणि ज्याचं त्याच्या दाराला पोचवेल. त्यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. खऱ्या सर्व्हरवर तो असतोच. पण साइट अजून आमच्या टेबलावर घडत असते, तेव्हाही ती खऱ्यासारखी चालते की नाही हे पाहायचं असतं. म्हणून आम्ही आपल्या मशीनवरही एक छोटा बाबू बसवतो.

आता या घरच्या बाबूला नाव काय द्यायचं? प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक खाजगी वही असते म्हणा. तुम्ही एखादा पत्ता टाकला की तो आधी त्या वहीत पाहतो. तिथे लिहिलेलं सापडलं तर बाहेर कोणाला विचारतच नाही. रिवाज असा की वहीत एखादं बनावट नाव लिहावं, ज्या नावाची साइट जगात कुठेच नाही. बनावट नाव टाकलं की टेबलावरची साइट, खरं नाव टाकलं की जगातली. घोळ नाही.

मी वहीत खरं नाव लिहिलं.

का, तर त्या साइटचं लॉगिन खऱ्या नावाशीच बांधलेलं होतं. बनावट नाव दिलं की आत घेत नव्हतं. ते चार ठिकाणी बदलावं लागलं असतं आणि मला कंटाळा आला. आमचे सर्व्हर सांभाळणारी फरजाना शेजारीच बसते. तिने पाहिलं आणि म्हणाली, "असली नाम मत डाल, वैशाली. तू खुदच भूल जाएगी."

मी म्हटलं, "अगं, मी काय काल आली का या लाइनीत?"

पत्त्याच्या बाजूला जे कुलूप दिसतं ना, तेही मी घरच्या घरी तयार करून बसवलं, म्हणजे ब्राउझरने कुरकुर करू नये. मशीन सुरू झालं की बाबू आपोआप जागेवर बसेल, अशी सोय केली. आणि रोज सकाळी खऱ्या साइटवरची ताजी माहिती उतरून येईल आणि माझ्या टेबलावरची जुनी पुसली जाईल, अशीही. म्हणजे रोज खऱ्या नमुन्यावर काम. इतकं बेमालूम जमलं होतं की मी दोन दिवस स्वतःवरच खूश होते. नंतर दुसरं काम आलं, ते मी लॅपटॉपवर करायला लागले, आणि डेस्कटॉप तसाच राहिला.

ही साइट होती परिचय मेळाव्याची. एका समाजाचं मंडळ होतं, दरवर्षी उपवर मुलामुलींचा मेळावा घ्यायचं आणि सगळ्यांच्या माहितीची पुस्तिका छापायचं. शहरातले लोक मोबाइलवरून फॉर्म भरत होते. पण कुही, भिवापूर, उमरेडकडच्या खेड्यांतले फॉर्म कागदावर यायचे, ते आणायचे देवरावजी काका. काका निवृत्त पोस्टमन. नागपुरातच नंदनवन भागात राहायचे. नोकरी सगळी त्याच भागात झालेली, त्यामुळे कोणत्या गावात कोणाच्या घरी लग्नाचं कोण आहे हे त्यांना पाठ. मोबाइलवर त्यांना भरणं जमेना, अक्षर बारीक. म्हणून मी म्हटलं, "काकाजी, इथे या, माझ्या मोठ्या पडद्यावर भरा." आणि त्यांना माझ्या डेस्कटॉपवर बसवलं.

सोमवारी आले. कापडी थैलीत फॉर्म, प्रत्येकाला टाचणीने फोटो. एका बोटाने टाइप करायचे, आणि एंटरचं बटण टपालावर शिक्का मारावा तसं दणकन मारायचे. फरजाना प्रत्येक दणक्याला दचकायची. दुपारपर्यंत बारा झाले. ते खिशातल्या डायरीत गाव आणि घरच्या कर्त्याचं नाव लिहून समोर बरोबरची खूण करायचे.

मग त्यांनी बारा कागद थैलीत परत घातले. मी विचारलं, "हे ठेवत नाही?"

"नाही वं. पोरीचे फोटो असतात. मी सगळ्यायले जबान दिली आहे का आत टाकलं का कागद आपल्या हातानं वापस आणून देतो. म्हणून त देतात मायबाप. नाहीत कोण देते आपल्या पोरीचा फोटो गावोगाव फिराले?"

"बरं आहे मग. आता कागदाची गरजच नाही, काकाजी. एकदा इथे आलं की कुठे जात नाही."

हे वाक्य माझं आहे. मी ते अगदी ठसक्यात म्हटलं होतं.

संध्याकाळच्या बसने ते गेले आणि कागद ज्याच्या त्याच्या घरी देऊन आले. मंगळवारी दुपारी परत हजर. पडद्यासमोर बसले, चष्मा चढवला, वर-खाली पाहिलं.

"पोरी, कालचे दिसून नाही राहिले."

मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "नवीन वर येतात काकाजी, जुने मागच्या पानावर जातात."

"मागच्या पानावर पाह्यलं. तिथं नागपूरवाले आहेत. माहे नाही."

"आणखी मागे असतील. तुम्ही भरा पुढचे, मी नंतर पाहते."

त्यांनी डायरीतल्या कालच्या खुणा एकदा पाहिल्या. मग म्हणाले, "तू म्हणते त असंल." आणि दहा फॉर्म भरले. दणक, दणक.

नंतर मी पाहिलं नाही. विसरले नव्हते. मला खात्री होती. सत्तरीचा माणूस, एका बोटाने टाइप करणारा. त्याला दिसत नसेल तर त्याचंच काही चुकलं असणार, इतका साधा हिशेब माझ्या डोक्यात होता. आमच्या वडिलांना बँकेतला बाबू अशाच आवाजात बोलायचा, तेव्हा मी शाळेत होते आणि मला त्याचा संताप यायचा. तो आवाज माझ्या तोंडात कधी आला, मला कळलंच नाही.

बुधवारी शेवटचे नऊ झाले. काका थैली बांधतच होते, तेवढ्यात मंडळात पुस्तिका जुळवणाऱ्या बाईंचा फोन आला. शनिवारी पुस्तिका छपाईला द्यायची होती. म्हणाल्या, "मॅडम, कुही-भिवापूरकडचं एकही नाव नाही. काकांनी भरले नाही का?"

"भरले ना, माझ्यासमोर." मी उठून डेस्कटॉपवर गेले. नऊ फॉर्म समोर होते. फोटोसकट. "आहेत हो, दिसताहेत मला."

"मला एकही नाही दिसत."

"पान पुन्हा उघडा."

"उघडलं."

मी माझा मोबाइल काढला. तोच पत्ता टाकला. एकही नाही. डेस्कटॉपवर नऊ. लॅपटॉपवर एकही नाही. पत्ता एकच, अक्षरन्‌अक्षर एक, कुलूपही लावलेलं. आणि सोमवार-मंगळवारचे बावीस तर डेस्कटॉपवरही नाहीत.

मला आजही ती दुपार नीट सांगता येत नाही. एक गोष्ट एकाच जागी आहे पण आणि नाही पण, असं डोळ्यासमोर दिसत होतं. मी ब्राउझरची साठवण साफ केली. दुसरा ब्राउझर उघडला. इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन लावून त्याच्याशी भांडले. तो बिचारा म्हणाला, "ताई, लाइन त चालू आहे." सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. तिथे तीन दिवसांत आमच्या ऑफिसातून एकही फॉर्म पोचल्याची खूण नव्हती. म्हणजे फॉर्म भरले गेले, जपून ठेवले गेले, मला दिसतही आहेत, पण कुठेही गेलेले नाहीत. मग ते आहेत कुठे? फरजाना त्या दिवशी सुट्टीवर. मी कागदावर बाण काढले, खोडले. जे मला येतं, ज्याच्या जोरावर मी सतरा वर्षं पोट भरलं, तेच माझ्याकडे अनोळखी माणसासारखं पाहत होतं.

काका थैली मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी म्हणाले, "तुमच्या हापिसात येगळं इंटरनेट आहे काय?"

"असं काही नसतं, काकाजी." मी जरा तोडूनच बोलले.

"बरं." थैली उचलून ते बसला गेले. नऊ कागद द्यायचे होते ना. मी त्यांना थांबवायला हवं होतं. नऊ फॉर्म तर माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर होते, म्हणून नाही थांबवलं.

गुरुवारी सकाळी ते दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले. मी आत आले, मशीन सुरू केलं, फरजानालाही दाखवावं म्हणून पान उघडलं. नऊही गेले होते.

"हे बी गेले," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

मला रडूच यायचं बाकी होतं. फरजाना सर्व्हरच्या नोंदी पुन्हा उघडून बसली. मी पुन्हा साठवण साफ करायला लागले, जणू तिसऱ्यांदा पुसल्यावर काही उगवणार होतं.

काका म्हणाले, "पोरी, एक सांगू? रागावू नको. पत्ता बरोबर आहे अन् पत्र पोचलं नाही, असं आमच्यात बी होये. तवा आम्ही पत्ता पाहत नव्हतो बसत. मधात कोण-कोण आहे ते पाहो. इथून त तिथवर किती हातातून जाते? एकेक हात हटवून पाह्य."

"म्हणजे?"

"एका गावात एकाच नावाची दोन घरं होती. आडनाव बी एक. एक पाटलाच्या वळणावर, एक पार टोकाले. टोकावाल्याचे कागद पोचतच नव्हते. काहून? त मधातला डाकवाला नवा होता, जवळच्याच घरी देऊन मोकळा होये. अन् जवळचा बी न बोलता ठेवून घे. तुह्या मशीनच्या जवळ त नाही ना कोणी तसं?"

फरजानाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मला वाटतं आम्हा दोघींना एकाच क्षणी कळलं, पण मी तरी खात्री करायला गेले. घरच्या बाबूला उठवलं, म्हणजे डेस्कटॉपवरची रिव्हर्स प्रॉक्सी बंद केली. पान पुन्हा उघडलं. साइटच नाही. माझ्या मोबाइलवर ठणठणीत सुरू, आणि डेस्कटॉपवर कोरा पडदा.

वही उघडली. पहिल्याच ओळीत मेळाव्याच्या साइटचं खरं नाव, माझ्या हातचं.

काकांनी तीन दिवस मान मोडून जे भरलं ते माझ्या टेबलाबाहेर कधी गेलंच नव्हतं. माझ्याच बाबूने घेतलं, माझ्याच गोडाऊनात ठेवलं, आणि माझ्याच सोयीने रोज सकाळी पुसून टाकलं. आणि वरून कुलपाचं चित्र दाखवून विश्वास दिला.

फरजाना आपल्या पडद्याकडे वळली. तिने बोलायला हवं होतं असं मला वाटलं. भूल जाएगी असं तिने म्हटलं होतं, आणि मी खुदच भूलले होते.

"काकाजी," मी म्हटलं, "चूक माझी आहे. तुमचं काही चुकलं नाही. सगळेच्या सगळे गेले."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी तुले मंगळवारीच सांगतलं होतं, बाई."

पोरी म्हणायचे ते बाई म्हणाले.

"हो. मी पाहिलं नाही."

"पाहाले काय लागत होतं? मान वर कराले लागत होतं." एवढंच. मग त्यांनी खिशातली डायरी काढली. एकतीस नावं, त्यांची गावं, समोर बरोबरच्या खुणा. "पस्तीस वर्षांत माहा कागद वापस नाही आला. आता एकतीस घरी जाऊन म्हणाव लागंल का पुन्हा द्या."

"मी म्हणीन," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं घर दाखवा."

गुरुवार आणि शुक्रवार. माझी स्कूटी, मागे काका, मांडीवर रिकामी थैली. फॉर्म आता मी तिथल्या तिथे माझ्या मोबाइलवरून भरायची. काकांनी एक अट घातली. भरून झाला की ते स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार, आणि 'पोचलं' असं म्हणणार. त्यांनी म्हटल्याशिवाय उठायचं नाही. माझ्या पडद्यावर आता त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

काही ठिकाणी हसून दिले. एक बाई म्हणाली, "मशीन बी विसरते का वं? मले वाटलं मीच विसरतो." काही ठिकाणी ऐकून घ्यावं लागलं. भिवापूरच्या अलीकडे एक गृहस्थ दारातच उभे राहिले. "एक डाव दिला फोटो. पोरीचा फोटो म्हणजे काय लग्नाची पत्रिका आहे, का संपली त आणखी छापा?" मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तुमची असो का मशीनची, पोर त आमचीच आहे ना." आणि दार लावून घेतलं. असे तिघांनी दिले नाहीत. ती तीन नावं पुस्तिकेत आली नाहीत. त्यांचं पुढे कुठे जमलं का, काही नुकसान झालं का, मला माहीत नाही. काकांना विचारायची मला हिंमत होत नाही, आणि तेही सांगत नाहीत.

शेवटचं घर शुक्रवारी दुपारचं, कुहीच्या पुढे. वाटेत काका मागून म्हणाले, "इथं तू नको बोलू. इथं मीच बोलतो." मग थोड्या वेळाने, "नाही. तूच बोल. मले नाही जमणार."

त्या घरात शामरावजी म्हणून म्हातारे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा वारला. घरात ते आणि सून, रेखा. हा फॉर्म सुनेचा होता आणि दिला होता सासऱ्याने, स्वतः बसथांब्यावर येऊन, काकांच्या हातात.

मी अंगणात उभी राहून सगळं सांगितलं. शामरावजींनी ऐकून घेतलं. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. ते हळूच म्हणाले, "तिले माईत नाही. मी न सांगता देल्ता. एक डाव छाती केली, बाई. पुन्हा नाही होत माह्यानं. आता तुम्हीच विचारा तिले." आणि गोठ्याकडे जाऊन शेळीची दोरी सोडायला लागले.

सर्व्हर बंद पडला तर काय करायचं, हे मला शिकवलेलं आहे. हे कोणी शिकवलं नव्हतं. काकांनी मानेनेच आत जायची खूण केली. मी आत गेले.

रेखा शाळेचे गणवेश शिवत होती. निळ्या कापडाचा ढीग. मी सांगत गेले, तिचा पाय हळूहळू थांबला. मशीन बंद झालं.

"कवा देल्ता?"

"सोमवारी."

"अन् हरपला?"

"हो. माझ्या हातून."

तिने दातातली सुई काढून कापडाला लावली. मग दाराशी उभ्या काकांना विचारलं, "फोटो कोणता होता?"

काका खाली पाहत म्हणाले, "लग्नातला. अर्धा."

"अर्धा?"

अर्धा म्हणजे नवऱ्याकडचा अर्धा कापून ठेवलेला, हे तिघांनाही कळलं.

"शिक्षणात काय लिहिलं होतं मामंजीनं?"

"दहावी."

"बारावी झाली माही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा आवाज चढला. "गणितात वर्गात पहिली होती मी. अन् धंदा?"

"घरकाम."

तिने निळ्या ढिगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे हात केला. "बरं झालं हरपला त. द्या तो फोन इकडं. मी भरतो."

म्हणजे नको म्हणायचीही तिला वाट होती, आणि हो म्हणायचीही, आणि तिला विचारलं गेलं ते माझ्या गाढवपणामुळे. हे बरं झालं की वाईट, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. चूक ती चूकच. बाकीच्या तीन नावांपुढे मी या एका नावाचा आधार घेत नाही. पण त्या दारात उभं राहून मला माझ्या बैठकीतली ती पदवी आठवली, एवढं खरं. बारावी झाली माही, हे मी ओळखते. तो आवाज माझा आहे.

तिने वीस मिनिटं घेतली. मी मध्ये पाहिलं नाही. फोटो अंगणात, मशीनवरून उठल्या वेशात, मी काढला. तिने पाहून म्हटलं, "चालते." आणि स्वतःच्या बोटाने पाठवला.

काकांच्या फोनला तिथे नेटवर्क मिळेना. ते अंगणाच्या टोकाला गेले, मग कुंपणाबाहेर, मग पार गोठ्याच्या बाजूला ओट्यावर चढून हात वर करून उभे राहिले. रेखा दारात, मी तिच्या बाजूला. एकतीसातलं शेवटचं. मला वाटलं आता पुन्हा नाही दिसलं तर मी हा धंदा सोडून देईन.

"पोचलं!" काका वरूनच ओरडले.

शामरावजी शेळीजवळच पाठमोरे उभे होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "अपेक्षेच्या जागी काय लिहिलं तिनं? मी त कोरंच ठेवलं होतं."

काकांनी चष्मा चढवला, फोन डोळ्यांजवळ आणला आणि परगावाहून आलेलं पत्र वाचून दाखवावं तसं मोठ्याने वाचलं, "मशीन माझ्यासोबत येईल. मामंजींना भेटायला दर महिन्याला जाईन, विचारणार नाही."

शामरावजींनी शेळी खुंट्याला बांधली. मग सोडली, आणि पुन्हा बांधली.